शरीर औषधाचं काय करतं? नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचे नेहमीचे प्रश्न

शोषण, वितरण, चयापचय आणि उत्सर्जन हे चार शब्द फार्माकोलॉजीच्या तासाला सगळेच पाठ करतात आणि परीक्षेत त्यावर मार्कही मिळवतात. वॉर्डात मात्र चार्टवर 'उपाशीपोटी', 'चुरू नये', 'पुढच्या डोसआधी रक्त घ्यावे' असं लिहिलेलं दिसतं, आणि त्याचा या चार शब्दांशी संबंध कुणी जोडून दाखवत नाही. खरं तर अशी बहुतेक प्रत्येक सूचना याच चारपैकी एखाद्या पायरीवरून आलेली असते. पायरी ओळखता आली की सूचना वेगळी पाठ करावी लागत नाही, आणि ती चार्टवर लिहायची राहून गेली असली तरी तुम्हाला सुचते. खालचे आकडे समजण्यासाठी आहेत. प्रत्यक्ष औषध देताना रुग्णालयाचा प्रोटोकॉल आणि डॉक्टरांचा लेखी आदेश हेच प्रमाण माना.

फार्माकोकायनेटिक्स आणि फार्माकोडायनॅमिक्स यांत फरक काय?

शरीर औषधाचं काय करतं ते पहिलं, औषध शरीरावर काय करतं ते दुसरं. पुढचं सगळं पहिल्याबद्दल आहे.

एकच औषध तोंडाने ४० मिलिग्रॅम आणि शिरेतून १ मिलिग्रॅम, असं कसं?

प्रोप्रॅनोलॉलचा आदेश पहिल्यांदा वाचताना हा धक्का हमखास बसतो. गोळी गिळली की औषध आतड्यातून शोषलं जातं, पण तिथून ते थेट सगळ्या शरीरात जात नाही. आतड्याचं रक्त पोर्टल शिरेतून आधी यकृतात जातं, आणि यकृत त्यातलं बरंच औषध तिथल्या तिथे मोडून टाकतं. याला फर्स्ट पास मेटाबोलिझम म्हणतात. शिरेतून दिलेलं औषध हा टप्पा टाळून पूर्णच्या पूर्ण रक्तात येतं, म्हणून त्याची जैवउपलब्धता, म्हणजे रक्तात पोचणारा वाटा, १०० टक्के धरतात. मॉर्फिनचंही असंच आहे. शिरेतल्या १० मिलिग्रॅमइतका परिणाम तोंडाने मिळवायला साधारण ३० मिलिग्रॅम लागतात.

नायट्रोग्लिसरीन जिभेखाली का ठेवायचं, याचं उत्तरही इथेच आहे. जिभेखालच्या शिरांमधलं रक्त यकृताला वळसा घालून थेट हृदयाकडे जातं. रुग्णाने ती गोळी गिळून टाकली तर जवळजवळ सगळं औषध यकृतातच संपेल आणि छातीतलं दुखणं तसंच राहील. म्हणून 'जिभेखाली ठेवा' एवढं सांगून थांबू नका. 'चावायची नाही, गिळायची नाही' हेही सांगा.

तोंडाचा डोस मोठा असण्याचं कारण दर वेळी यकृतच असतं असं नाही. फ्युरोसेमाइड तोंडाने सरासरी निम्मंच शोषलं जातं, म्हणून ४० मिलिग्रॅमची गोळी शिरेतल्या २० मिलिग्रॅमच्या जवळपास मानतात.

कारण कुठलंही असो, मार्ग बदलला की डोस बदलतो. 'आज उलट्या होताहेत, गोळीऐवजी इंजेक्शन देऊ या' असं ठरलं, तर डोस नव्याने लिहून घेतल्याशिवाय औषध भरू नका.

'चुरू नये' असं लिहिलेल्या गोळीत एवढं काय असतं?

दोन प्रकार वेगळे ओळखा. काही गोळ्यांवर जठरातल्या आम्लात न विरघळणारं आवरण असतं. पँटोप्रॅझोलसारख्या औषधाला ते आम्लापासून वाचवतं, तर काही औषधांच्या बाबतीत जठराला औषधापासून वाचवतं. अशी गोळी चुरली तर औषध वाया जातं किंवा पोटात जळजळ होते.

दुसरा प्रकार जास्त धोक्याचा. सावकाश सुटणाऱ्या गोळीत १२ किंवा २४ तासांचं औषध एकत्र भरलेलं असतं. ती चुरली की तो सगळा साठा एकदम मोकळा होतो. निफेडिपीनची अशी गोळी चुरून दिली तर रक्तदाब धाडकन खाली येतो, मॉर्फिनची दिली तर श्वास मंदावू शकतो. नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, सीआर किंवा एक्सएल अशी अक्षरं दिसली की खलबत्ता बाजूला ठेवा आणि फार्मासिस्टला विचारा. मात्र अक्षरं नसली म्हणजे गोळी चुरता येते, असंही समजू नका.

गोळी जेवणाआधी द्यायची की नंतर?

प्रश्न सोपा वाटतो, पण 'जेवणानंतर' या एका सूचनेमागे दोन अगदी वेगळी कारणं असू शकतात. आयबुप्रोफेन जेवणानंतर देतात ते जठराला त्रास होऊ नये म्हणून. इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल जेवणानंतर देतात, कारण त्या शोषल्या जाण्यासाठी जेवणाने सुटणारं आम्ल लागतं. पहिल्यात थोडं मागेपुढे झालं तर पोट दुखेल, दुसऱ्यात औषध लागूच पडणार नाही.

उपाशीपोटी द्यायच्या औषधांत लेव्होथायरॉक्सिन नेहमी भेटतं. ते नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी, नुसत्या पाण्याबरोबर द्यायचं. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या त्याला आतड्यातच बांधून ठेवतात, म्हणून त्यांच्यात चार तासांचं अंतर हवं. सकाळच्या फेरीत या तिन्ही गोळ्या एकाच वाटीत काढून दिल्या जाताना दिसतात. आदेश तसाच लिहिलेला असेल तर वेळा बदलून घ्यायला जरूर सांगा. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि टेट्रासायक्लिन हीसुद्धा दुधाशी, कॅल्शियमशी आणि अँटासिडशी अशीच बांधली जातात.

अलेंड्रोनेटचा नियम सगळ्यात कडक आहे. तोंडाने घेतलेल्यापैकी १ टक्काही शोषलं जात नाही, आणि त्यात काही खाल्लं तर तेही जातं. उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर द्यायचं आणि त्यानंतर निदान अर्धा तास रुग्णाने आडवं व्हायचं नाही, कारण गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे व्रण होतो. ज्याला तेवढा वेळ बसताच येत नाही त्या रुग्णाला ती गोळी देण्याआधी डॉक्टरांशी बोला.

रायल्स ट्यूबमधून औषध देताना शोषणात काय बदलतं?

आधी नाकातून जठरात घातलेल्या या नळीचं टोक कुठे आहे ते पाहा. जठरात असेल तर बहुतेक औषधांना अडचण नसते, पण ते लहान आतड्यात पुढे गेलं असेल तर जठरात शोषली जाणारी किंवा आम्लाची गरज असणारी औषधं नीट लागू पडत नाहीत. प्रत्येक औषध वेगळं विरघळवून द्या, मध्ये पाण्याने नळी धुवा, आणि औषध फीडमध्ये, म्हणजे नळीतून द्यायच्या द्रव आहारात, कधीही मिसळू नका.

झटक्यांवरचं फेनिटॉइन फीडबरोबर गेलं तर त्याची रक्तातली पातळी खूप घटते. बहुतेक ठिकाणी त्यासाठी डोसाच्या आधी आणि नंतर एक ते दोन तास फीड बंद ठेवतात. रुग्णाला झटके पुन्हा सुरू झाले की औषध वाढवण्याआधी फीडच्या वेळा बघायला हव्यात. त्या वेळा चार्टवर तुम्हीच लिहिलेल्या असतात.

शॉकमधल्या रुग्णाला स्नायूत किंवा त्वचेखाली इंजेक्शन का टाळतात?

स्नायूत टोचलेलं औषध तिथल्या रक्तप्रवाहाबरोबर बाहेर पडतं. शॉकमध्ये, म्हणजे अवयवांना रक्तपुरवठा अपुरा पडतो तेव्हा, शरीर स्नायू आणि त्वचेकडचं रक्त काढून हृदय आणि मेंदूकडे वळवतं. औषध टोचल्या जागीच पडून राहतं, परिणाम दिसत नाही, मग दुसरा डोस दिला जातो. पुढे रक्तदाब सुधारला की दोन्ही डोस एकदम रक्तात येतात. मॉर्फिनसारख्या ओपिऑइडच्या बाबतीत यातून श्वास थांबण्याचा धोका असतो.

निरोगी माणसातही जागेप्रमाणे फरक पडतो. साधं इन्शुलिन पोटाच्या त्वचेखालून सगळ्यात लवकर शोषलं जातं, दंडातून त्याहून सावकाश, मांडी आणि नितंबातून आणखी सावकाश. सुई टोचायची जागा थोडी थोडी सरकवत राहायची, पण शरीराचा भाग रोज मनाला येईल तसा बदलायचा नाही. रोज भाग बदलला तर डोस तोच असूनही साखर वरखाली होते.

फेंटानिलचा पॅच काढला, तरी रुग्ण गुंगीत का?

कारण हे वेदनाशामक औषध पॅचमधून थेट रक्तात जात नाही, आधी त्वचेत साठतं. लावल्यावर परिणाम दिसायला १२ ते २४ तास लागतात, आणि काढल्यावरही त्वचेतला साठा रक्तात उतरत राहतो. रक्तातली पातळी निम्म्यावर यायला सतराएक तास किंवा त्याहूनही जास्त लागतात. त्यामुळे पॅच काढला म्हणून निरीक्षण थांबवायचं नाही. ताप, गरम पाण्याची पिशवी, गरम पांघरूण यांनी शोषण वाढतं. नवा पॅच लावण्याआधी जुना शोधून काढा. तो पाठीवर किंवा खांद्यामागे राहून गेलेला असू शकतो.

अल्ब्युमिन कमी असेल तर औषधाचा काय संबंध?

रक्तात औषधाचा काही भाग प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला, चिकटून फिरतो आणि बाकीचा मोकळा असतो. काम करतो तो मोकळा भाग. दुष्परिणामही त्याचेच. रक्त गोठू न देणारं वॉरफरिन सुमारे ९९ टक्के चिकटलेलं असतं, फेनिटॉइन सुमारे ९० टक्के.

आता हा रिपोर्ट पाहा. फेनिटॉइनची पातळी ८ मायक्रोग्रॅम प्रति मिली. अपेक्षित पातळी १० ते २०, म्हणजे कमी वाटते. पण त्याच रुग्णाचं अल्ब्युमिन २ ग्रॅम प्रति डेसिलिटर आहे. मूत्रपिंड ठीक असताना वापरायचं नेहमीचं सूत्र असं: मोजलेली पातळी भागिले (०.२ गुणिले अल्ब्युमिन, अधिक ०.१). इथे खालची संख्या ०.५ येते, आणि ८ भागिले ०.५ म्हणजे १६. कमी दिसणारी पातळी प्रत्यक्षात पुरेशी आहे. 'लेव्हल कमी' म्हणून डोस वाढवला तर डोळ्यांची बुबुळं थरथरू लागतात, तोल जातो, रुग्ण पेंगायला लागतो.

फेनिटॉइनची आणखी एक खोड आहे. त्याला मोडणारी यकृतातली एन्झाइम्स नेहमीच्या डोसालाच जवळजवळ पूर्ण कामाला लागलेली असतात. मग डोस थोडासा वाढवला तरी पातळी खूप जास्त चढते. म्हणून लेव्हल कळवताना अल्ब्युमिनचा आकडाही सोबत सांगा.

एक औषध दुसऱ्याच्या आड येतं ते नेमकं कुठे?

पुष्कळदा यकृतातल्या, औषधं मोडणाऱ्या सीवायपी एन्झाइम्सवर. काही औषधं या एन्झाइम्सना अडवतात. मेट्रोनिडॅझोल, फ्लुकोनॅझोल किंवा को-ट्रायमॉक्सॅझोल सुरू झालं की वॉरफरिन मोडायचं कमी होतं, आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) चढतो आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. उलट रिफॅम्पिसिन एन्झाइम्स वाढवतं, त्यामुळे वॉरफरिनचा परिणाम घटतो आणि गर्भनिरोधक गोळ्या निकामी ठरू शकतात. रिफॅम्पिसिन सुरू करणाऱ्या स्त्रीला लघवी नारिंगी होते हे सगळे सांगतात. गर्भनिरोधनाचा दुसरा उपाय लागेल, हेही तितक्याच आवर्जून सांगायला हवं.

अडवण्याचा परिणाम लवकर दिसतो. एन्झाइम वाढायला मात्र एक ते दोन आठवडे लागतात, आणि औषध बंद केल्यावर ओसरायलाही तेवढाच वेळ जातो. म्हणजे रिफॅम्पिसिन थांबल्यानंतरचे आठवडेही वॉरफरिन घेणाऱ्यासाठी जोखमीचेच.

सिगारेटचा धूरही याच यादीत येतो. धुरातले घटक सीवायपी १ए२ वाढवतात, आणि थिओफिलिन व क्लोझापिन याच एन्झाइमने मोडतात. रोज पाकीटभर ओढणारा रुग्ण भरती झाला आणि सिगारेट सुटली की डोस तोच राहूनही पातळी चढते. हे काम धुराचं आहे, निकोटिनचं नाही, त्यामुळे निकोटिनचा पॅच लावला तरी फरक पडत नाही. इतिहास घेताना 'धूम्रपान करतो' एवढंच लिहू नका. किती ओढतो आणि शेवटची कधी ओढली, तेही लिहा.

यकृत औषध नेहमी निकामीच करतं का?

नाही. काही औषधं यकृतात गेल्यावरच कामाची होतात. रक्ताच्या गुठळ्या रोखणारं क्लोपिडोग्रेल सीवायपी २सी१९ मुळे सक्रिय होतं, आणि ओमेप्रॅझोल तेच एन्झाइम अडवतं, म्हणून ही जोडी टाळतात. कोडीनचं यकृतात मॉर्फिन होतं. काहींच्या शरीरात हे जन्मतःच फार वेगाने घडतं, आणि नेहमीच्या डोसालाही श्वास मंदावतो. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर मुलांचे मृत्यू झाल्यावर अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये कडक इशारा दिला आणि २०१७ मध्ये १२ वर्षांखालील मुलांना कोडीन देणं निषिद्ध ठरवलं.

पॅरासिटामॉलचं उदाहरण तर प्रत्येकाला तोंडपाठ असावं. त्याचा थोडा भाग नापक्वी नावाच्या विषारी पदार्थात बदलतो आणि यकृतातलं ग्लुटाथायोन त्याला लगेच निष्प्रभ करतं. डोस फार झाला की ग्लुटाथायोन संपतं आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. फसवी गोष्ट ही की पहिल्या २४ तासांत रुग्णाला थोडी मळमळ सोडली तर काही वाटत नाही. ॲसिटिलसिस्टिन हा उतारा पॅरासिटामॉल घेतल्यापासून ८ तासांच्या आत सुरू केलं तर सगळ्यात जास्त उपयोगी पडतं, म्हणून 'बरा दिसतोय' यावर विसंबून थांबायचं नाही. प्रौढांसाठी २४ तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा. वजन कमी असेल, कुपोषण असेल किंवा रोजचं मद्यपान असेल तर ती आणखी खाली येते. सर्दीच्या आणि वेदनाशामक मिश्रणांतही पॅरासिटामॉल असतं, तेही या हिशेबात धरा.

अर्धायुकाल माहीत असून ड्युटीवर काय उपयोग?

खूप. शरीरातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ म्हणजे अर्धायुकाल. चार ते पाच अर्धायुकाल गेले की औषध जवळजवळ संपलेलं असतं: ५० टक्के, २५, १२.५, ६.२५, मग ३ च्या आसपास. ठरावीक डोस नियमित दिला तर पातळी स्थिर व्हायलाही तेवढेच अर्धायुकाल लागतात.

हृदयासाठीच्या डिगॉक्सिनचा अर्धायुकाल मूत्रपिंड चांगलं असताना ३६ ते ४८ तासांचा असतो. म्हणजे रोजच्या डोसावर पातळी स्थिरावायला आठवडा किंवा थोडं अधिक. एवढं थांबता येत नाही तेव्हा लोडिंग डोस देतात. चार्टवर पहिला डोस मोठा आणि पुढचे छोटे दिसले की लगेच चूक समजू नका, आधी आदेश पडताळा.

अडेनोसिन दुसऱ्या टोकाला आहे. त्याचा अर्धायुकाल १० सेकंदांहूनही कमी. मनगटावरच्या बारीक कॅन्युलातून हळूहळू दिलं तर हृदयापर्यंत पोचायच्या आतच ते संपतं. म्हणून कोपराजवळची मोठी शीर, एक-दोन सेकंदांत जोरात पुश, लगेच मागोमाग २० मिली सलाइन, आणि हात वर उचललेला. औषधाची आणि सलाइनची अशा दोन्ही सिरिंज आधीच जोडून तयार ठेवायच्या.

अमिओडॅरोन चरबीत साठून राहतं, आणि त्याचा अर्धायुकाल आठवड्यांत, कधी महिन्यांत मोजतात. रुग्णाने महिन्याभरापूर्वी ते सोडलं असेल तरी ते शरीरात आहे असंच धरून चाला आणि डॉक्टरांना सांगा.

क्रिएटिनिन नॉर्मल आहे, तरी वयस्कर रुग्णाचा डोस का कमी केला?

मूत्रपिंडाचं काम तपासायला रक्तात मोजतात ते क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं. स्नायू कमी झाले की क्रिएटिनिनही कमी तयार होतं, आणि मूत्रपिंड मंद झालेलं असूनही रक्तातला आकडा चांगला दिसतो.

कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांच्या १९७६ च्या सूत्राने, मूत्रपिंड दर मिनिटाला किती रक्त क्रिएटिनिनमुक्त करतं याचा हिशेब करून पाहा: १४० मधून वय वजा करा, किलोतल्या वजनाने गुणा, मग ७२ गुणिले क्रिएटिनिन यांनी भागा. स्त्री असेल तर शेवटी ०.८५ ने गुणा. २५ वर्षांचा, ७० किलोचा तरुण, क्रिएटिनिन १: उत्तर सुमारे ११२ मिली प्रति मिनिट. ८० वर्षांच्या, ४५ किलोच्या आजी, क्रिएटिनिन तेच १: उत्तर सुमारे ३२. दोन्ही रिपोर्टांवर 'नॉर्मल' छापलेलं असेल, पण आजींची मूत्रपिंडं औषध तिपटीहून सावकाश बाहेर टाकताहेत. जेंटामायसिन, डिगॉक्सिन, लिथियम यांसारखी मुख्यतः मूत्रपिंडावाटे जाणारी औषधं त्यांच्या शरीरात साठत जातील.

यासाठी रुग्णाचं वजन खरोखर काट्यावर घ्यायला हवं. नातेवाइकांना विचारून अंदाजे लिहिलेल्या आकड्यावर हे सगळं गणित उभं राहतं. लघवीचं प्रमाण अचानक घटलं तर पुढचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट येईपर्यंत थांबू नका. तो आकडा उशिरा चढतो.

नवजात बाळ म्हणजे छोट्या मापाचा मोठा माणूस, असं का मानायचं नाही?

बाळाच्या शरीरात पाण्याचं प्रमाण सुमारे ७५ टक्के असतं, प्रौढात ६० च्या आसपास. त्यामुळे पाण्यात विरघळणारं औषध बाळात जास्त पसरतं. जेंटामायसिनचा प्रति किलो डोस म्हणून मोठा दिसतो, आणि मूत्रपिंड कच्चं असल्याने दोन डोसांमधलं अंतरही जास्त ठेवतात. यकृतही अपुरं असतं. क्लोरॅम्फेनिकॉल नवजात बाळांच्या शरीरात साठून बाळं राखाडी पडून दगावली, तो धडा १९५० च्या दशकाअखेरचा. बाळाची त्वचा पातळ असते, त्यामुळे मलमसुद्धा बेताने लावा.

वयस्कर माणसात उलटं होतं. पाणी घटतं, चरबीचा वाटा वाढतो, आणि डायझेपामसारखं चरबीत विरघळणारं औषध दिवसेंदिवस रेंगाळतं. रात्री दिलेल्या गोळीनंतर दुसऱ्या दिवशी दुपारी बाथरूममध्ये तोल गेला, तर त्या गोळीचाही विचार करा.

औषधाची लेव्हल काढायला रक्त नेमकं कधी घ्यायचं?

माझ्या मते या सगळ्यांत नर्सच्या हातात सर्वाधिक असलेली गोष्ट हीच. चुकीच्या वेळेचा नमुना म्हणजे चुकीचा डोस.

ट्रफ म्हणजे सगळ्यात खालची पातळी. ती पुढचा डोस देण्याच्या अगदी आधी, अर्ध्या तासाच्या आत घ्यायची. जेंटामायसिन अर्ध्या तासात सोडत असाल, तर पीक, म्हणजे सगळ्यात वरची पातळी, इन्फ्युजन संपल्यानंतर अर्ध्या तासाने घेतात. डिगॉक्सिनला डोसानंतर निदान सहा तास थांबा. तोवर औषध रक्तातून ऊतकांत उतरतच असतं, आणि त्याआधीचा आकडा खोटा जास्त येतो. लिथियमला शेवटच्या डोसानंतर १२ तास, आणि नमुना लिथियम हेपरिनच्या नळीत मुळीच घ्यायचा नाही, नाहीतर नळीतलंच लिथियम मोजलं जाईल.

ज्या लाइनमधून औषध चालू आहे तिथूनच रक्त ओढू नका, दुसऱ्या हाताची शीर घ्या. फॉर्मवर डोस प्रत्यक्ष दिल्याची वेळ आणि रक्त प्रत्यक्ष घेतल्याची वेळ, दोन्ही लिहा. चार्टवर छापलेली ८ ची वेळ लिहायची नाही. डोस ८:५० ला दिला असेल तर ८:५० च लिहायचं.

डायलिसिसच्या दिवशी औषधं आधी द्यायची की नंतर?

औषधावर अवलंबून. जेंटामायसिन डायलिसिसमध्ये बरंच निघून जातं, म्हणून साधारणपणे नंतर देतात. डिगॉक्सिन मात्र बहुतेक स्नायूंमध्ये उतरलेलं असतं आणि रक्तात फार थोडं उरतं, त्यामुळे डायलिसिसने ते निघत नाही. त्याची विषबाधा झाली तरी डायलिसिसचा उपयोग नाही, तिथे डिगॉक्सिनविरोधी प्रतिपिंडं द्यावी लागतात. रुग्णाला मशीनवर पाठवण्याआधी त्या दिवसाची एकेक गोळी फार्मासिस्टबरोबर तपासा आणि कुठली मागे ठेवली ते हँडओव्हरमध्ये लिहा.